‘अँजेलाज अ‍ॅशेस’मध्ये विविधता नाही म्हणे!

खवट_काका
परवा कुणीतरी लिहिलं की अ‍ॅलन पार्करचा १९९९चा ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ आता बघवत नाही, कारण सगळे गोरे, सगळे कॅथलिक, ‘एकसुरी गरिबी’. डोकंच फिरलं. अहो, फ्रँक मॅकोर्टच्या लहानपणच्या आठवणींवरचा सिनेमा, १९३०-४० मधल्या आयर्लंडच्या लिमरिक गावातला बोळ आहे तो! अख्ख्या बोळाला एक संडास, तोही मॅकोर्टांच्या दाराला लागून. पावसात खालची खोली भरली की बिऱ्हाड माडीवर, आणि त्या माडीचं नाव ‘इटली’. जुळी पोरं एकापाठोपाठ गेली. सरपणासाठी घरातली भिंत तोडतात. यात कोटा भरायला कुणाला घुसवायचं?

शुभ्रा_क
काका, त्या पोस्टची भाषा बालिश होती, मान्य. पण विविधता म्हणजे फक्त कातडीचा रंग का? फ्रँकचा बाप अँट्रिमचा, म्हणजे उत्तर आयर्लंडचा. काम मागायला तोंड उघडलं की उच्चार ऐकूनच लोक नाक मुरडतात. ही फट सिनेमात आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. आणि ‘सगळे कॅथलिकच होते’ हे आपोआप झालं नाही. १९०४ साली याच लिमरिकमध्ये फादर क्रे यांनी व्यासपीठावरून ज्यूंविरुद्ध आग ओकली, त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला, कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली.

खवट_काका
फ्रँकचा जन्मच १९३०चा. पोराच्या आठवणीत गावाचं गॅझेटियर कोंबायचं का?

शुभ्रा_क
कोंबू नका. ‘तिथे दुसरं कुणी नव्हतंच’ असं ठासून सांगू नका, एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
उच्चारांचा विषय निघालाच आहे तर बोलतो. बापाच्या भूमिकेत रॉबर्ट कार्लाइल, ग्लासगोचा. आई एमिली वॉटसन, लंडनची. बोळातल्या गरिबीला मोठं नाव बाहेरूनच लागते! आपल्याकडे वेगळं काय आहे? वऱ्हाडी बोलणारा दिसला की तो नोकर नाहीतर येडा. हिरो कधी ‘करून राहिलो’ म्हणते का?

कोथरूडकर
झालं सुरू. अभिनय म्हणजे दुसऱ्याचं सोंगच ना? उद्या खुनाच्या भूमिकेला खुनी आणा म्हणाल.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, पुण्यात होस्टेलला होतो तेव्हा कॉलेजच्या एकांकिकेत मला रिक्षावाला दिला. का, तर ‘तुझी भाषा ओरिजिनल आहे’. आणि गोष्ट कुठली, तर यवतमाळच्या शेतकऱ्याची! शेतकरी कोण झाला? सदाशिव पेठेतला पोरगा. ‘मले’ आणि ‘तुले’ सोडून त्याले काही येत नव्हतं, तरी टाळ्या त्यालेच. तुम्ही सोंगाचं शिकवू नका.

कोथरूडकर
तुमच्या रिक्षाचा राग लिमरिकवर का?

वऱ्हाडी_ठेचा
कारण मीटर तुमच्याच गावातून डाऊन झालं.

शॅननकाठची
भांडा खुशाल. मी इथे लिमरिकमध्येच राहते. शेजारच्या आजींसमोर सिनेमाचं नाव काढलं तर चहाचा कप आपटला. ‘आम्हीही गरीब होतो, पण आमच्या आया भीक मागत नव्हत्या.’ नट रिचर्ड हॅरिस इथलाच, तोही मॅकोर्टवर तुटून पडला होता. इथल्या लोकांना गावाची बेअब्रू झोंबते, गोऱ्या-काळ्याचं कुणी काढत नाही. आणि खरोखर वगळलेले हवे असतील तर ट्रॅव्हलर्स, म्हणजे आयर्लंडमधला भटका समाज, घ्या. वेगळा वांशिक समाज म्हणून सरकारी मान्यता मिळायला २०१७ उजाडलं. आणि हो, इतका पाऊस पडत नाही हो इथे! पार्करने नळच सोडलाय.

खवट_काका
शुभ्राताई, १९०४चं मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठीक आहे, मुद्दा घेतला. मूळ पोस्टवाल्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. त्याची वकिली तुम्ही फुकट केलीत.

कोथरूडकर
यवतमाळच्या शेतकऱ्याचं चुकलंच, चला. पण कार्लाइल मात्र झकास होता. दारू पिऊन मध्यरात्री पोरांना उठवून आयर्लंडसाठी मरायच्या शपथा घ्यायला लावतो, तिथे ग्लासगो कुठे ऐकू आलं तुम्हाला?

वऱ्हाडी_ठेचा
मले नाही आलं. अँट्रिमवाल्याले विचारा.