गार्मिन घड्याळ: २५५ की २६५? माझं मत २५५ला

गार्मिन फोररनर २५५ हे धावण्याचं घड्याळ स्वस्तात मिळतंय, मग २६५साठी जास्त पैसे का मोजायचे, असं विचारलंत. नका मोजू. ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरांमधून पळताना नकाशावरची रेघ इमारतींत घुसू नये म्हणून लागणारं मल्टीबँड जीपीएस दोन्हींत आहे. २०२३च्या २६५मध्ये खरी भर म्हणजे चमकदार अमोलेड टचस्क्रीन (आणि आज शरीर सरावाला किती तयार आहे ते सांगणारं ट्रेनिंग रेडिनेस, पण ते पाय सांगतातच). जुलैत येऊरचा चढ चढताना बोटांवरून पाणी निथळत असतं, तेव्हा टच कोण वापरतंय? बटणं २५५लाही तीच पाच. उन्हात त्याचा साधा डिस्प्ले झकास दिसतो. पहाटे उपवनला अंधारात मात्र बॅकलाइटशिवाय काही दिसत नाही. नुसत्या जीपीएसवर (मल्टीबँड बंद ठेवून) बॅटरी २५५ची ३० तास, २६५ची २०.