मदत हवी आहे: रताळ्याच्या स्टार्चची गोळी वेळेत फुटत नाही

नमस्कार मंडळी. मी नाशिकला बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी रताळ्यांचा स्टार्च काढून पॅरासिटामॉलच्या गोळ्या करतेय. मका, बटाटा, टॅपिओका यांचे स्टार्च औषधांत सर्रास वापरतात, मग आपलं रताळं का नको, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

किसून, पाण्यात निवळून, ४० अंशाला वाळवलेला स्टार्च पांढराशुभ्र मिळतो. सोडियम मेटाबायसल्फाइटमुळे काळपटपणा जातो. अडचण पुढे आहे. १० टक्के खळीने (पाण्यात शिजवलेल्या स्टार्चने) ग्रॅन्यूल, म्हणजे पावडरचे बारीक दाणे, बांधले की गोळी छान टणक होते, पण पाण्यात १५ मिनिटांत फुटत नाही. साध्या, कोटिंग नसलेल्या गोळीला तेवढीच मुदत असते. शिजलेला स्टार्च बांधतो, कोरडा पाणी शोषून गोळी फोडतो, हे पुस्तकात वाचलंय. म्हणून खळी ५ टक्क्यांवर आणून कोरडा स्टार्च अर्धा ग्रॅन्यूलच्या आत, अर्धा बाहेर घालावा का? की आधी गोळी दाबण्याचा दाबच कमी करून पाहू?

इथल्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कंपन्यांत फॉर्म्युलेशनचं (औषधाची गोळी वगैरे बनवण्याचं) काम करणारं कुणी असेल तर कृपया सांगा. आणि सुरगाणा-पेठकडे एकाच वाणाची रताळी देणारे शेतकरी माहीत आहेत का? बाजारात सगळी मिसळलेली येतात.