जेआर-१, मंगळवारची इमर्जन्सी आणि नणंदेचं लग्न

मंगळवारवाली

मेडिसिनची जेआर-१, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे, विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. जॉइन होऊन पाच महिने झाले. प्रश्न सुट्टीचा आहे, पण नुसता सुट्टीचा नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या युनिटची ओपीडी आणि इमर्जन्सी मंगळवारी. मंगळवारी सकाळी नऊपासून बुधवारी सकाळी नऊपर्यंत कॅज्युअल्टीतून मेडिसिनला जो येईल तो आमचा. मग पोस्ट-इमर्जन्सी राउंड, तो दुपारी दोन-अडीचला संपतो, आणि खरी कामं त्यानंतर सुरू होतात. सोनोग्राफीची अपॉइंटमेंट, रक्तपेढी, जन आरोग्य योजनेचे कागद, कुणाचं रेशन कार्ड गावाकडे राहिलेलं. मंगळवारी पहाटे पाचला उठलेली मी बुधवारी रात्री दहाला आडवी होते. आईचा मंगळवारचा उपास असतो. ती म्हणते, आता तुझाही आपोआप घडतोय.

युनिटला आम्ही तीन जेआर-१ होतो. एक जण दुसऱ्याच महिन्यात सीट सोडून गेला. त्याला नावं ठेवत नाही, पण त्याचे बेड आम्हा दोघांत वाटले गेले. साडेपाचला सॅम्पल काढायला घेते, जांभळ्या झाकणाच्या, लाल झाकणाच्या बाटल्या एप्रनच्या खिशात खुळखुळत असतात. रात्री उद्याची डिस्चार्ज कार्डं लिहून होईपर्यंत साडेअकरा.

लग्नाला सव्वा वर्ष झालं. नवरा पुण्यात नोकरी करतो, डॉक्टर नाही. एक आड एक शुक्रवारी ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून येतो. मागच्या खेपेला घोळ झाला. रविवारची इमर्जन्सी युनिटांमध्ये फिरते, ती नेमकी आमच्यावर आली आणि त्याला सांगायचं मी विसरले. मुलींच्या हॉस्टेलमध्ये त्याला प्रवेश नाही. तर हा बाबा सकाळी अकरापासून वॉर्डाबाहेरच्या कडुनिंबाखाली, नातेवाइकांच्या सतरंज्यांमध्ये बसून. मी आत एका पेशंटजवळ. फवारणीचं औषध पोटात गेलेलं, दर थोड्या वेळाने अ‍ॅट्रोपिन, बाहुल्या बघ, छाती ऐक, पुन्हा अ‍ॅट्रोपिन. तेवढ्यात चौदा नंबरच्या आजोबांची म्हातारी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचे मालक भायेर बसेल हायेत. जेवले का नाई इचारा त्याइले." मी "हो हो" म्हटलं. पुढे आठवलं ते रात्री आठला.

धावत बाहेर गेले. म्हातारीने त्याला भाकरी आणि ठेचा दिला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "आजोबांचं सोडियम आलं का?" दिवसभरात सगळ्या वॉर्डाची हिस्टरी त्याने झाडाखाली बसून घेतली होती. माझी वीस मिनिटं त्यातच गेली, म्हणजे आम्ही सोडियमवर बोललो.

आता मुद्दा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कऱ्हाडला नणंदेचं लग्न आहे. रविवारी. एकुलती एक वहिनी मीच. सासूबाई स्वभावाने गरीब आहेत, पण "हळदीच्या आधी दोन दिवस तरी ये" असं त्यांनी तीनदा म्हटलंय. परवा व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवत होत्या, माझ्या मनगटावरचं मायक्रोपोर बघून घाबरल्या, "हाताला काय लागलं गं?" लागलं काही नव्हतं. बेड नंबर आणि राहिलेली कामं लिहायला मी ती पट्टी चिकटवते.

सीनियरला ओझरतं विचारलं तर म्हणाले, "सख्ख्या भावाचं असतं तर गोष्ट वेगळी." महाराष्ट्र एक्सप्रेसने गेले तर निम्मी सुट्टी गाडीतच संपेल, तो भाग वेगळा. किती दिवस मागू? कुणाकडे? आणि घरी काय सांगू? "जमणार नाही" हे मी या पाच महिन्यांत इतक्यांदा म्हटलंय की आता ते थापेसारखं वाटायला लागलंय. मलासुद्धा.

---

वॉर्डनंसात

मेडिसिन जेआर-३ आहे, दुसऱ्या कॉलेजात. तुझी पोस्ट वाचून माझं पहिलं वर्ष डोळ्यांपुढून गेलं, त्यामुळे उपदेश कमी, काम जास्त.

चार दिवस मागू नकोस. लग्न रविवारी आहे हे तुझं नशीब. शनिवारी राउंडनंतर निघायचं, रविवार, सोमवार, आणि मंगळवारी ओपीडीला हजर. इमर्जन्सीच्या दिवसाला हात लावला नाहीस तर निम्मी लढाई तिथेच जिंकलीस. एवढं आजच बघ की तो रविवार तुमच्या युनिटचा नाही ना. असेल तर आत्ताच बदलून घे, आदल्या आठवड्यात कुणी ऐकणार नाही.

आधी को-जेआरशी बोल. "माझ्यासाठी करशील का" असं नाही. त्याच्या दोन आयसीयू नाइट तू आधी करून टाक, मग विचार. आधी दिलेल्या ड्युटीची किंमत वेगळी असते. दोघांचं ठरलं की सीनियर, मग एपी (असिस्टंट प्रोफेसर), मग युनिट हेड. ग्रुपवर मेसेज टाकायचा नाही. राउंड चालू असताना तर नाहीच. राउंड संपून चहा आला की कागदावर लिहिलेला अर्ज, सोबत पत्रिका, आणि अर्जातच "माझे बेड अमुक डॉक्टर बघतील" ही ओळ. त्यांना तुझी नणंद नको असते, सोमवारी बेड कोण बघणार ते हवं असतं.

आणि "ओझरतं विचारलं" म्हणतेस ना, ते बंद कर. ओझरतं विचारलं की ओझरतं "नाही" येतं.

---

कलमबहाद्दर

सगळे जण भीक मागितल्यासारखं का बोलताय? एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, २०२३ चे पीजी नियम वाचा. वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा, शिवाय ५ दिवस शैक्षणिक रजा, आणि कामाची निकड सांभाळून साप्ताहिक सुट्टी. त्याआधी १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. २०२४ मध्ये एनएमसीच्याच मानसिक आरोग्य कृतिगटाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले. मंगळवारवाली, तुझे मंगळवार-बुधवारचेच ४० तास होतात. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, प्रतिनिधीला गाठ.

---

कात्रीबाज

सर्जरी, जेआर-२. कलमबहाद्दर, माहिती बरोबर आहे, मानतो. पण "कामाची निकड सांभाळून" हे जे शब्द आहेत ना, आमचं अख्खं वर्ष त्या शब्दांत गेलं. शिवाय ते २०२३ चे नियम "वाजवी तास" म्हणतात, आकडा देत नाहीत. माझ्या बॅचच्या एकाने नियमाची प्रिंट काढून नेली होती. रजा मिळाली. पुढचे सहा महिने त्याला थिएटरमध्ये रिट्रॅक्टर धरण्यापलीकडे काही मिळालं नाही.

नियम माहीत असावेत, खिशात असावेत. पहिल्या चहाला काढू नयेत. वॉर्डनंसात म्हणतेय ते कर. तरीही नकार आला तर मग मार्ड आहेच, आणि तिथे जायला लाजू नकोस.

---

झाडाखालचामाणूस

हे नाव आत्ता घेतलं, तुझी पोस्ट वाचून. मी डॉक्टर नाही, बायको गायनॅकला होती, तीन वर्षं मी तुझ्या नवऱ्याच्या जागी होतो. माझ्या वाट्याला पिंपळ होता.

एक सांगतो, राग मानू नकोस. तो सोडियम विचारतो म्हणजे त्याचं सगळं ठीक चाललंय असं धरून चालू नकोस. मीही विचारायचो. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सगळं. कारण दुसरं काही विचारलं तर तिला रडू यायचं आणि तिला परत आत जायचं असायचं. मग घरी येऊन भांडी आपटायचो.

आमचं गाडं रुळावर आलं ते फार साध्या गोष्टीने. तिने महिन्याचा ड्युटी चार्ट फोटो काढून मला पाठवायला सुरुवात केली. बस्स. तोपर्यंत प्रत्येक वेळी मी विचारायचं आणि तिने "नाही" म्हणायचं असा खेळ चालायचा. चार्ट हातात आल्यावर नाही म्हणायचं काम त्या कागदाने केलं. कुठल्या शनिवारी यायचं ते मी ठरवायला लागलो. आणि आलो तरी तिला फिरायला नेण्याचा हट्ट सोडला. लॉजवर खोली घ्यायची, ती सहा तास झोपायची, मी पेपर वाचायचो, उठली की मिसळ. लोकांना हे केविलवाणं वाटेल. मला त्या मिसळी अजून आठवतात.

सासूबाईंना तू सांगू नकोस, त्याला सांगू दे. त्याची आई आहे. तुझ्या तोंडून "जमणार नाही" आलं की ते सुनेचं बोलणं होतं.

---

थेम्सकाठचा

मिरजेत एमबीबीएस करून, प्लॅब ही तिकडची डॉक्टरांची परीक्षा देऊन इंग्लंडात आलो, चार वर्षं झाली. इथे रोटा, म्हणजे ड्युटी चार्ट, सहा आठवडे आधी हातात येतो, शिफ्ट १३ तासांच्या वर नाही, आठवड्याची सरासरी ४८ तास. जास्त थांबावं लागलं तर तशी नोंद करता येते आणि ती नोंद बघायला माणूस नेमलेला असतो. पहिल्या महिन्यात मला हे खोटंच वाटलं. आठ वाजता रजिस्ट्रार, म्हणजे माझी सीनियर डॉक्टर, म्हणाली, घरी जा, आणि मी दहा मिनिटं तिथेच घुटमळत राहिलो, ही काही चाचणी तर नाही ना म्हणून.

पण रजाही सहा आठवडे आधी मागावी लागते, आणि आजी काही सहा आठवडे आधी कळवून गेली नाही. तिचं तेरावं मी नाइट ड्युटीआधी बसमध्ये फोनवर पाहिलं. इकडे ये असं सुचवत नाहीये. वेळेचा हिशेब कागदावर असला की माणूस स्वतःला कमी दोष देतो, एवढंच माझ्या लक्षात आलं.

---

निवृत्तसर्जन

आमच्या वेळी हाउस पोस्ट सहा-सहा महिन्यांच्या असत, आणि ड्युटी किती तासांची हे विचारायची कुणाची टाप नव्हती. हे मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना फुशारकीने सांगत आलो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नाही. ती मला एकदाही बोलली नाही, पण तो अल्बम ती माझ्यासमोर काढत नाही. रजा मागा.

---

मंगळवारवाली

सगळ्यांना एकत्रच लिहिते, काल पोस्ट-इमर्जन्सी होती म्हणून उशीर.

त्या रविवारची इमर्जन्सी आमची नाही, बघितलं. को-जेआरच्या दोन आयसीयू नाइट घेतल्या, एक झाली. त्याची अट अशी की येताना साताऱ्याचे कंदी पेढे, आणि अर्धा किलो नको, एक किलो. आज राउंडनंतर अर्ज आणि पत्रिका घेऊन एपी सरांकडे गेले. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, विचारलं, "सोमवारी बेड?" मी अर्जातल्या ओळीवर बोट ठेवलं. सही झाली. कलमबहाद्दर, तुमचा कागद खिशात होता, काढायची वेळ आली नाही. सही होईपर्यंत माझा हात मात्र त्याच खिशात होता.

ड्युटी चार्ट नवऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "एवढं लाल?" इमर्जन्सी मी लाल पेनने रंगवली होती. थोड्या वेळाने फोन आला आणि या वेळी सोडियम नव्हतं. तो म्हणाला, त्या दिवशी फार एकटं वाटलं. झाडाखाली इतकी माणसं होती तरी. मी जागी होते, पूर्ण ऐकलं. एरवी मी "हं" म्हणते आणि पुढे त्याला माझं घोरणं ऐकू येतं.

चौदा नंबरचे आजोबा सोमवारी घरी गेले. म्हातारीने जाताना विचारलं, "मालक कधी येतेत?" तिला तारीख सांगता आली.

सासूबाईंना त्यानेच सांगितलं. हळदीला मी नसेन. थोडा वेळ गप्प होत्या म्हणे, मग त्यांनी मलाच फोन केला, मेंदीवाली शनिवारी रात्री उशिरापर्यंत थांबवून ठेवते, दोन्ही हात भरून काढून घे. शनिवारी दुपारी निघून मी रविवारी उजाडता पोचेन, हे त्यांना अजून नीटसं कळलेलं नाही. मी म्हटलं, आई, मेंदीवाली रविवारी पहाटे बोलवा, आणि एकाच हाताला. डाव्या मनगटावर नको, तिथे बेड नंबर लिहायचे असतात.