फिनलंड मांडलिक, अंकित की मिंधा?

नाशिकची उल्का: २०२३ साली फिनलंड नाटोत गेला, त्यावरचा लेख मराठीत करतेय. 'फिनलंडायझेशन' (बलाढ्य शेजाऱ्याला न दुखावता स्वतंत्र राहणं) या शब्दाशी अडलेय. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला. सैन्य आपलं, निवडणुका आपल्या, पण मॉस्कोला झोंबेल असं बोलायचं नाही. त्याआधी युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिकेनं आणलेल्या मार्शल योजनेचा पैसासुद्धा नाकारला. मी 'मांडलिकत्व' लिहिलं, संपादकांनी खोडून 'फिनलंडीकरण' केलं. वाचणाऱ्याला काय बोध होणार?

गणूमास्तर: मांडलिक चूकच. मांडलिक खंडणी भरतो, धन्याच्या स्वारीत फौज घेऊन जातो.

तिरकस: मग ३० कोटी डॉलरची जहाजं आणि यंत्रं १९५२ पर्यंत रशियाला कोणी पोचवली?

गणूमास्तर: ती युद्धाची भरपाई. एकदा फिटली की संपली. खंडणी दर साल असते.

कऱ्हाडकर: आणि हेलसिंकीच्या उशाशी पोर्क्कालाला १९५६ पर्यंत रशियन तळ होता, त्याला काय म्हणाल? १८०२ च्या वसईच्या तहातली तैनाती फौजच की.

गणूमास्तर: त्या तळाचं भाडं रशिया फिनलंडला देत होता हो! तैनाती फौजेचा खर्च बाजीरावाच्या माथी होता. उल्काताई, 'अंकित' घ्या.

तिरकस: अंकित म्हणजे डाग दिलेलं जनावर. नाहीतर अंकावर, म्हणजे मांडीवर बसवलेलं पोर. यातलं फिनलंड कोणतं?

वऱ्हाडी ठेचा: साधा शब्द आहे, मिंधा. आमची आजी सावकाराच्या घरून दूध घ्यायची. कर्ज केव्हाच फिटलं होतं. तरी त्यांचं दूध नासकं निघालं की गुपचूप गूळ घालून आटवायची, सावकारीणबाईंनी विचारलं की म्हणायची, "चांगलं होतं, साय जाड होती." हेच ना तुमचं ते 'झेशन'?

नाशिकची उल्का: अगदी हेच!

गणूमास्तर: मिंधा उपकारानं होतो, धाकानं नाही. १९३९ च्या हिवाळ्यात ज्यानं चढाई केली, त्याचे कसले उपकार?

कऱ्हाडकर: गिळलं नाही हे. शेजारचे एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया १९४० साली खालसा झाले. आम्हा सातारकरांना खालसा शब्दाचा अर्थ विचारू नका. १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना काढलं, १८४८ ला दत्तक नामंजूर करून राज्यच घेतलं.

शुद्धमती: मिंधा हा फारसी 'शर्मिंदा'चा अवशेष, खालसा अरबी. आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का? 'भयाधीन' म्हणावं.

तिरकस: भयाधीन हे औषधाच्या बाटलीवर शोभेल. आणि संस्कृतच हवं तर 'सार्वभौम' बघा. मूळ अर्थ सगळ्या भूमीचा धनी, चक्रवर्ती. आता २१ चौरस किलोमीटरचं नाउरू बेटही सार्वभौम! त्या अर्थानं जगात एका वेळी एकच सार्वभौम मावेल, बाकी सगळे मांडलिक. बलाढ्य देशांना अजून हाच अर्थ ठाऊक असावा.

शुद्धमती: अर्थ विस्तारतो, म्हणून शब्द खोटा ठरत नाही. संविधानाच्या उद्देशिकेत आहे तो.

तिरकस: विस्तारला कुठे? आकसला. पृथ्वीवरून नाउरूवर आला. बाय द वे, कारी सुओमालाइनेन या फिनिश व्यंगचित्रकाराची व्याख्या अशी: पश्चिमेला पार्श्वभाग न दाखवता पूर्वेला वाकून नमस्कार करण्याची कला. याला एका शब्दात बसवा.

नाशिकची उल्का: शनिवारी मजकूर द्यायचाय. तूर्त 'धाकातलं स्वातंत्र्य' लिहितेय.

गणूमास्तर: धाकात असेल तर स्वातंत्र्य कसलं?

नाशिकची उल्का: मास्तर, तोच तर लेखाचा विषय आहे!

शुद्धमती: वऱ्हाडी, एक विचारू? वऱ्हाडात दूध नासतं? माझ्या अकोल्याच्या नणंदा 'फाटलं' म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा: आजी मूळची जळगावची.