मदत हवी आहे: चौथीतल्या मुलासाठी शाळेशी काय आणि कसं बोलू?

नमस्कार मंडळी,

येत्या गुरुवारी शाळेत मोठ्या बाईंना भेटायचं आहे. हातात तपासणीचा अहवाल आहे, पण तो समोर ठेवून नेमकं काय मागायचं ते कळत नाहीये. ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. मागच्या महिन्यात शैक्षणिक मानसतज्ज्ञांकडून तपासणी झाली. आकलन वयाच्या पुढचं, वाचन दुसरीच्या सुरुवातीचं. निदान डिस्लेक्सियाचं, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखन अडतं. ध आणि घ, भ आणि म यांत अजून गल्लत होते. जोडाक्षर आलं की गाडी थांबते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, रफार तर पुढच्याच अक्षराच्या डोक्यावर. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही. त्याला मात्र प्रत्येक शब्दाला ही कसरत करावी लागते.

विज्ञानाच्या चाचणीत जलचक्रावर प्रश्न होता. त्याने 'बाष्पीभवन' लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. तिथे कागदाला भोक पडलंय. पुढची दीड पानं कोरी. २० पैकी ४. त्याच संध्याकाळी मी ओटा पुसत होते आणि सहज विचारलं, तर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून त्याने समुद्र, ढग, डोंगर असं सगळं काढलं. हवा डोंगरापाशी वर का चढते, वर गेल्यावर गार का होते, पाऊस अलीकडच्याच बाजूला जास्त का पडतो, सगळं सांगितलं. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले.

परवा एक गोष्ट वाचली आणि रडूच आलं. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. त्या मुलाच्या मास्तरांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यांत हुशार मुलगा ठरला असता. म्हणजे तेव्हाच्या एका मास्तरांना हे दिसलं होतं! आमच्याकडे वहीवर शेरा येतो, 'लक्ष नाही. चुकलेला प्रत्येक शब्द १० वेळा लिहिणे.' लिहितो बिचारा रात्री ९ पर्यंत. सातव्या वेळी तोच शब्द पुन्हा वेगळा चुकतो.

वर्गशिक्षिका वाईट नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. ४० मुलं आहेत त्यांच्याकडे. पण मी सवलतींचा विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला दिलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का?" आणि लेखनिकाबद्दल, म्हणजे परीक्षेत मूल सांगेल ते लिहून घेणाऱ्याबद्दल, "तो तर हात चालत नाही त्यांना असतो." मला दोन्हीला उत्तर देता आलं नाही.

तर, पहिल्या भेटीत काय मागावं? अन्यायाच्या मुद्द्याला काय म्हणावं? आणि मुलाला बरोबर न्यावं का?

प्रतिसाद १

ताई, माझी मुलगी आता दहावीत आहे, या सगळ्यातून गेले आहे.

मी पहिल्या भेटीत अहवालाची १४ पानं टेबलावर ठेवली आणि "हिला मदत करा" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा महिने काहीही झालं नाही. चूक माझीच होती. "मदत करा" याला कुणीच नाही म्हणत नाही, आणि त्यातून कुणाच्या वाट्याला काही कामही येत नाही. तुम्ही एकच पान न्या. वर त्याला काय चांगलं जमतं याच्या दोन ओळी (जलचक्राचं नक्की लिहा), खाली तीन मागण्या. प्रत्येक मागणीपुढे ती कोण करणार आणि कधीपासून, हे तिथे बसूनच भरायचं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी शाळेला लिहून पाठवायचं, "आज आपलं असं असं ठरलं, काही राहिलं असेल तर कळवा." मुख्याध्यापक बदलले तेव्हा हीच पत्रं माझ्या कामी आली.

अन्यायाचं म्हणाल, तर वाद घालू नका, विचारा. "बाई, या प्रश्नातून तुम्हाला काय तपासायचं होतं?" उत्तर जलचक्र असेल, तर शुद्धलेखनाचे गुण तिथे कापायचं कारणच उरत नाही. भाषेच्या पेपरात शुद्धलेखन तपासायचं असेल तर तपासा, त्याला ना नाही. माझ्या मुलीच्या शाळेत एवढ्या एका प्रश्नावर गोष्टी हलल्या.

आणि एकट्या जाऊ नका. कुणीतरी नुसतं लिहून घ्यायला बरोबर असू द्या. आपला गळा भरून आला की समोरचा काय बोलला ते डोक्यात राहत नाही.

प्रतिसाद २

मी प्राथमिक शिक्षिका आहे, २० वर्षं झाली. आमची बाजूही सांगते.

मला उद्यापासून करता येतील अशा गोष्टी: फळ्यावरचं उतरवून घ्यायला न लावता छापील कागद किंवा शेजाऱ्याच्या वहीचा फोटो देणं. वर्गात अचानक उभं करून वाचायला न लावणं. वाचून घ्यायचंच असेल तर उतारा आदल्या दिवशी घरी देणं. प्रश्नपत्रिका तयार करताना अक्षर मोठं आणि ओळींत अंतर जास्त ठेवणं. याला कुणाची परवानगी लागत नाही.

ज्यात आमची खरंच ओढाताण होते ती गोष्ट म्हणजे तोंडी परीक्षा. त्या वेळी बाकीच्या ३९ जणांकडे कोण बघणार? म्हणून ती मागणी बाईंकडे नको, मोठ्या बाईंकडे करा. माणूस आणि खोली देणं त्यांच्या हातात आहे. वर्गशिक्षिकेला तिच्या आवाक्यातलं आधी मागितलं की ती तुमच्या बाजूने उभी राहते. आणि भेटीच्या सुरुवातीला त्यांना विचारा, "तुम्हाला वर्गात तो कसा दिसतो?" आम्हाला हे फार क्वचित कुणी विचारतं.

प्रतिसाद ३

डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत काचांचा चष्मा करून बघा. आमच्या ओळखीत एकाला फरक पडला.

प्रतिसाद ४

वरच्या सल्ल्याबद्दल, कळकळीने. मी विशेष शिक्षिका आहे. डोळे एकदा तपासून घ्यावेतच, नंबर असेल तर चष्मा हवाच. पण डिस्लेक्सियाची मुख्य अडचण डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं आहे की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा यांनी डिस्लेक्सियावर उपचार होतो याला शास्त्रीय आधार नाही. त्यात वेळ आणि पैसा जातो, आणि मूल आणखी एका गोष्टीत 'नापास' होतं.

१० वेळा लिहिण्याचंही तसंच. कुठल्या ध्वनीला कुठलं चिन्ह हेच पक्कं नसताना लिहून घेतलं, तर चूकच गिरवली जाते. त्याऐवजी रोज १५-२० मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. मराठीत जोडाक्षरातला र चार तऱ्हांनी लिहितात: प्रकाश, राष्ट्र, सूर्य, सुऱ्या. हे चारही एका दिवशी समोर आले तर मूल हरवतंच. आठवडाभर फक्त रफार घ्या. शब्द मोठ्याने म्हणायचा, र कुठे ऐकू आला तिथे टाळी, मग वाळूत किंवा पाटीवर बोटाने लिहायचा, लिहिताना पुन्हा म्हणायचा. तो धरला की मग पुढचा.

लेखनिक फक्त हात न चालणाऱ्यांसाठी असतो हा समज अनेक शाळांत आहे. तुमच्या परीक्षा मंडळाचे नियम छापून न्या आणि त्यात वाचनाची अडचण असलेल्या मुलांसाठी काय लिहिलंय ते खूण करून दाखवा. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा करार आहे, त्याचं २४ वं कलम शिक्षणाबद्दल आहे आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी द्याव्यात असं ते सांगतं. पण कायद्याने सुरुवात करू नका. तो कागद पिशवीत असू द्या. आणखी एक: लेखनिक मिळाला म्हणजे झालं असं नाही. सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं. घरी आठवड्यातून दोनदा सराव करा, त्याने पूर्ण वाक्य सांगायचं, तुम्ही त्याने सांगितलं तेवढंच लिहायचं. तुमचा एकही शब्द त्यात नको.

मुलाला न्या, पण शेवटच्या १० मिनिटांसाठी. त्याच्याबद्दलच्या तक्रारी त्याच्यासमोर नकोत. काय हवंय ते मात्र त्याच्याच तोंडून येऊ द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच भेट झाली. माझी बहीण लिहून घ्यायला आली होती.

बाईंना आधी विचारलं, तो कसा दिसतो. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "प्रयोगाच्या तासाला पहिला हात त्याचाच असतो. म्हणून तर मला वाटायचं, हा लिहायचा कंटाळा करतो." मी कागदाला भोक पडलेलं ते पान दाखवलं. त्यांनी ते पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

मिळालं ते असं: फळ्यावरच्या मजकुराचा छापील कागद सोमवारपासून. विज्ञान आणि परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण कापणार नाहीत. १० वेळा लिहिणं बंद. तोंडी परीक्षेला मोठ्या बाई अजून तयार नाहीत, "एका चाचणीपुरतं करून बघू" इथवर आल्या आहेत. जादा वेळ देणार, पण किती ते ठरलं नाही. सगळं आत्ताच लिहून पाठवलं आहे, आणि दीड महिन्याने पुन्हा बसायचं ठरलं आहे.

शेवटी त्याला आत बोलावलं. बाईंनी विचारलं, तुला काय हवंय? आम्ही दोघांनी घरी तीन गोष्टी ठरवल्या होत्या, तो त्या सगळ्या विसरला. म्हणाला, "मला वाचायला लावा, पण आधी सांगा." बाई म्हणाल्या, "आदल्या दिवशी सांगेन. शब्द दिला."

आता एक नवीनच प्रश्न आहे. त्याला वेगळा कागद का मिळतो, हे वर्गातली मुलं विचारणारच. बाई म्हणतात, मी वर्गाला समजावून सांगू का? तो म्हणतो, नको, मीच सांगेन. त्याने काय सांगावं, हे तुमच्यापैकी कुणाच्या मुलाने केलं असेल तर लिहा, प्लीज.