मदत हवी: बडोद्यात बहिणीला ग्रुप थेरपी सांगितली आहे, पाठवू का?

मांडवीकर: शनिवारी पहिलं सेशन आहे, पैसे उद्याच भरायचेत. अनोळखी लोकांत बसून काय साधणार? शिवाय दांडिया बाजारात एकाला कळलं की रावपुऱ्यात बोभाटा. एकटीचं समुपदेशनच बरं ना? पटकन सांगा.

खिडकीपाशी: त्रास काय? वय? गोळ्या? ग्रुप बंद की खुला? यातलं काहीच लिहिलं नाहीत, पटकन सांगायचं काय?

निवांत_नाना: ग्रुपबिप सोडा. १० दिवस विपश्यनेला पाठवा, मन स्वच्छ होतं.

खिडकीपाशी: नाना, निदान माहीत नसताना १० दिवसांचं मौन सुचवू नका. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार असेल तर उलट बिघडू शकतं.

निवांत_नाना: योगानं कुणाचं वाईट झालंय?

खिडकीपाशी: विपश्यनेला योग म्हणालात, इथेच हात जोडतो.

मांडवीकर: भांडू नका हो. चिठ्ठीवर सोशल अँग्झायटी लिहिलंय. वय २४. फोन उचलत नाही, पाहुणे आले की खोलीत. बंद-खुला म्हणजे?

साधा_कागद: बंद म्हणजे सगळे एकदम सुरू करतात, मध्ये नवा माणूस येत नाही. साधारण ६ ते ८ जण, आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, १२ च्या आसपास सेशन्स. हिला बंदच बघा.

या त्रासात माणसांचीच भीती, त्यामुळे ग्रुप हाच सराव. समजा २ मिनिटं उभं राहून बोलायचंय. आधी कागदावर लिहायचं: भीती १०० पैकी किती, आणि नेमकं काय होईल? 'हात थरथरतील, सगळे हसतील.' मग बोलायचं, आणि समोरच्यांना विचारायचं, थरथर दिसली का? एकटा समुपदेशक 'नाही' म्हणाला तर 'त्याचं कामच आहे ते' असं वाटतं. पाच जण म्हणाले की आत कुठेतरी पटतं.

फसतं कुठे, तर खाली बघत, मनात वाक्यं घोकत बोललं की. 'घोकलं म्हणून निभावलं' असं वाटतं नि भीती जागच्या जागी.

बोभाट्याचं: थेरपिस्टवर गोपनीयतेचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आहे. बाकी सदस्यांवर मात्र आपसात ठरलेल्या नियमाचंच. म्हणून आडनाव न सांगण्याची मुभा मागा. आपल्यात आडनावावरून घर सापडतं. ग्रुपआधी प्रत्येकाला एकेकटं भेटतात, ती भेट झाली का?

लेहरीपुरा: टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, २४ तास, फुकट. भाषा निवडता येते.

शेवउसळ: शनिवारी दांडिया बाजारात पार्किंग मिळत नाही, रिक्षानं जा.

मांडवीकर: सेशन अलकापुरीत आहे!! भेट झालेली नाही. ग्रुप गुजरातीत आहे, चालेल? आणि खूप घाबरल्यावर घ्यायची एक गोळीही दिलीय.

साधा_कागद: हे आधी सांगायचंत. मग उद्या पैसे नकोत, भेटीची वेळ मागा. ओळखीचं कुणी आहे का, तेही तिथेच निघेल. गुजराती रोजच्या बोलण्यातली असेल तर अडत नाही. गोळी सेशनआधी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा; अशा गोळ्यांतल्या काही सरावाआधी घेतल्या की श्रेय गोळीला जातं, शिकणं राहतं. स्वतःहून बंद मात्र करू नका. आणि भेटीत तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा.