मदत हवी आहे: वय वंदना, सीजीएचएस, ईएसआय – सत्तरीनंतर फरक नेमका कुठे पडतो?

ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकासाठी तक्ता करतेय. तिघं धरा, वय ७२, तिघांनाही शुगर आणि बीपी. एक केंद्र सरकारी पेन्शनर (सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना), दुसरे कारखान्यातून निवृत्त, पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जायचा. तिसरे दुकानदार, योजना कुठलीच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढे उत्पन्न न बघता आयुष्मान (५ लाखांपर्यंतचा सरकारी आरोग्य विमा, कार्डाचं नाव वय वंदना) मिळतं. मग तिघं सारखे झाले का? पहिल्यांनी सीजीएचएस सोडावी का?

कडुनिंब:
मुळीच सोडू नये. आयुष्मान भरती झालं तरच. त्याला जोडून आधीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस. शुगर-बीपीच्या गोळ्या (मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन) दर महिन्याला लागतात, ती यात नाहीत. सीजीएचएसवाल्यांना दवाखान्यातून मिळतात, दुकानदार खिशातून घेतो. दरी आहे ती इथे, पाच लाखांत नाही.
सीजीएचएस किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची योजना) असेल तर ती किंवा आयुष्मान, एकच निवडायचं. ईएसआय किंवा खासगी विमा असला तरी वय वंदना कार्ड चालतं.
आणि हो, ५ लाख माणशी नाहीत. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असले तर तेवढ्यातच दोघांचं. घराला आधीच आयुष्मान असेल तर ज्येष्ठांचे ५ लाख वेगळे, त्यात मुला-नातवंडांचा वाटा नाही.

जुनाखातेदार:
दुसऱ्या गृहस्थांचं बहुतेकांना माहीतच नसतं. किमान ५ वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झाले असतील, तर वर्षाला १२० रुपयांत जोडप्याला ईएसआय दवाखाना चालू राहतो, रोजच्या औषधांसकट. अडतं कागदावर: निवृत्तीचा पुरावा लागतो, आणि कारखाना बंद पडला की दाखला द्यायला कोणी उरत नाही. त्यामुळे तो निवृत्तीच्या आठवड्यातच घ्या.

रांगेतली:
वय वंदना कार्डाला आधार पुरतं, पण वयही आधारवरचंच धरतात. जन्मसाल चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करा. मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे घासलेले असतात, यंत्र घेत नाही. चेहरा पडताळणी करून बघा, उजेड समोरून हवा. भरती होताना कोणी पैसे मागितले तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) गाठा, नाहीतर हेल्पलाइन १४५५५.

धागाकर्ती:
आणि दुकानदाराच्या गोळ्या?

कडुनिंब:
प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर-बीपीच्या गोळ्या फुकट असतात. साठा संपला तर स्वस्त औषधांचं जनऔषधी दुकान. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नको. तक्त्यात पहिला रकाना 'रोजची औषधं' करा, रक्कम शेवटी.